झील कोण धरतं?

पोवाडा ऐकताना आपलं सगळं लक्ष शाहिराकडे असतं. डफ त्याच्या हातात, आवाज त्याचा, कथाही तोच पुढे नेणार. त्याच्या मागे तुणतुणं आणि झांज घेऊन उभे राहिलेले झीलकरी सहसा नजरेत भरत नाहीत. त्यांचं काम तसं बेताचंच दिसतं. शाहिराची ओळ संपते तिथे सूर उचलायचा, तो लांबवायचा, आणि शाहिरानं पुन्हा तोंड उघडलं की गप्प व्हायचं. पण तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला उसंत मिळते, पुढची ओळ जुळवायला वेळ मिळतो आणि आपलं म्हणणं कुणीतरी उचलून धरलंय हेही त्याला कळतं. लहान मुलांसाठीच्या संगीतोपचारात, म्हणजे शहरात ज्याला सरसकट म्युझिक थेरपी म्हणतात त्यात, उपचार करणारा माणूस बहुतेक वेळ हेच काम करत असतो. तिथे शाहीर असतं ते मूल. ते अजून बोलत नसेल, नुसतं टेबलावर थापा मारत असेल किंवा एकाच सुरात हुंकारत असेल, तरी तीच त्याची ओळ मानायची आणि तिची झील धरायची. लहान मुलाच्या संवादाला या उपचारातून जी काही मदत होते, ती या देवाणघेवाणीतून होते, असं माझं म्हणणं आहे. सूर किती गोड आहेत, राग कोणता आहे, यावर ती फारशी अवलंबून नसते. हे एकदा मान्य केलं की या उपचाराकडून काय मागावं आणि काय मागू नये, तेही बरंचसं स्पष्ट होतं.

मूल बोलायला लागलं का, हे आपण शब्द मोजून ठरवतो. पण शब्दांच्या आधी मुलाला एक फार अवघड गोष्ट साधावी लागते, ती म्हणजे पाळी. जगातल्या वेगवेगळ्या भागांतल्या 10 भाषांमधल्या गप्पा तपासून 2009 साली संशोधकांनी दाखवलं, की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी एक-पंचमांश सेकंदाच्या आसपासच वेळ जातो. एवढ्या फटीत वाक्य जुळवून बोलणं कुणालाच शक्य नाही. म्हणजे समोरच्याचं वाक्य केव्हा संपणार याचा अंदाज आपण आधीच बांधलेला असतो आणि आपलं उत्तर तयार करून दबा धरून बसलेलो असतो. हा अंदाज बांधायला मूल शिकतं कुठे? आईच्या मांडीवर. आई लाडानं लांबवून, सूर चढवून काहीतरी म्हणते, थांबते, बाळ 'आँ' करतं, आई तो 'आँ' उचलून परत देते. एडिंबराचे मानसशास्त्रज्ञ कोल्विन ट्रेवार्थन यांनी माय-लेकरांच्या अशा बोलाचालीच्या चित्रफिती अनेक वर्षं बारकाईनं अभ्यासल्या. स्टीफन मॅलॉक यांच्याबरोबर त्यांनी मांडलं, की या देवाणघेवाणीला लय आहे, चढउतार आहे, सुरुवात-मध्य-शेवट आहे. ती मुळातच संगीतासारखी आहे. 2009 मध्येच आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवला गेला आणि मधूनच पहिल्या ठोक्याची जागा रिकामी सोडली. बाळांच्या मेंदूनं त्या रिकाम्या जागेची दखल घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर सम चुकलेली त्या बाळांना कळली.

सम हा शब्द इथे नुसता सोयीसाठी वापरलेला नाही. तीनतालाच्या सोळा मात्रा ज्याला मोजता येत नाहीत, असा श्रोताही मैफलीत समेवर मान हलवतो. कारण आवर्तन दोन-तीनदा फिरलं की सम कुठे येणार हे अंगाला कळायला लागतं. संगीत काळाला असा आकार देतं. बोलण्यातली एक-पंचमांश सेकंदाची फट त्यात हवी तेवढी ताणता येते आणि तरी पुढचं केव्हा येणार हे ठाऊक असतं. ज्या मुलाला ही फट गाठणं जड जातं, त्याच्यासाठी ही मोठीच सवलत आहे. स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेली मुलं सगळी एका साच्याची नसतात. काही भरपूर बोलतात, काही अजिबात नाही. पण परस्पर देवाणघेवाणीचा धागा पकडणं त्यातल्या बहुतेकांना अवघड जातं. आकाशातलं विमान बघून मूल आधी विमानाकडे बोट करतं आणि मग 'तू पाहिलंस ना?' अशा नजरेनं आईकडे वळतं. तज्ज्ञ याला सामायिक लक्ष म्हणतात. भाषेची बरीचशी इमारत याच्यावर उभी राहते, आणि स्वमग्न मुलांमध्ये नेमकं हे उशिरा किंवा वेगळ्या वाटेनं येतं.

आता प्रत्यक्ष सत्रात काय घडतं ते जरा जवळून पाहू. खोलीत वस्तू मोजक्याच: एक ढोलकं किंवा डफ, खुळखुळे, पेटी किंवा कीबोर्ड, लाकडी पट्ट्यांचा झायलोफोन. चार वर्षांचं मूल आत येतं आणि कुणाकडे न बघता भिंतीच्या कडेकडेनं धावत सुटतं. इथे त्याला हाताला धरून बसवलं जात नाही. उपचारक पेटीवर त्याच्या पावलांचीच गत वाजवू लागतो. मूल धावलं की जलद, रेंगाळलं की विलंबित. तीन-चार फेऱ्यांनंतर मूल अचानक थबकतं. पेटीही त्याच क्षणी थांबते. मूल पुन्हा दोन पावलं टाकतं, पेटी दोन सूर वाजवते. आणि मग बऱ्याच वेळा असं होतं, की मूल मान वळवून पेटीकडे, पेटीवरच्या हाताकडे आणि हळूच त्या माणसाच्या तोंडाकडे बघतं. हा आवाज माझ्यामुळे होतोय, हे त्याला उमगलेलं असतं. काही आठवड्यांनी याच खेळाला एक ठरलेलं छोटं गाणं जोडलं जातं. ते पाठ झालं की उपचारक शेवटच्या सुरावर यायच्या आधी मुद्दाम थांबतो, भुवया वर करतो, वाट बघतो. दोन सेकंद. पाच सेकंद. समेची ती ओढ मुलाला गप्प बसू देत नाही. ते ढोलक्यावर थाप मारतं किंवा तोंडानं काहीतरी आवाज काढतं, आणि तो आवाज कसाही असला तरी तीच सम मानून गाणं पुढे जातं. मुलाकडून सूर उचलून घेण्याच्या या पद्धतीचा पाया 1959 मध्ये इंग्लंडात घातला गेला. अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि इंग्रज विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स तिथे सनफील्ड या मुलांच्या संस्थेत एकत्र काम करू लागले, आणि त्या दोघांच्याच नावानं ही पद्धत ओळखली जाते.

यावर कुणीही म्हणेल, की हा तर नुसता खेळ झाला. चेंडू फेकून किंवा ठोकळे रचूनही पाळी शिकवता येईल की. प्रश्न रास्त आहे, आणि तो तपासून पाहिला गेला आहे. 2008 साली किम, विग्रम आणि गोल्ड यांनी शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तीच मुलं काही सत्रं संगीतात आणि काही सत्रं खेळण्यांत, मोठ्या माणसाच्या सोबतीनं घालवत होती. संगीताच्या सत्रांत मुलं अधिक वेळ नजर देत होती आणि पाळी घेत होती. मात्र अभ्यास पुरा करणारी मुलं होती अवघी 10. एवढ्याशा आकड्यावर फार मोठा इमला रचू नये. जास्त वजन आहे ते निरोगी बाळांवरच्या प्रयोगांना, कारण संगीतातलं नेमकं काय उपयोगी पडतं हे त्यांत सुटं करून बघता आलं. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठात सहा महिन्यांच्या बाळांचे दोन गट करून सहा महिने वर्ग घेतले. एका गटात आईवडील बाळांसह गात होते, वाजवत होते. दुसऱ्या गटात बाळं खेळण्यांशी खेळत होती आणि मागे संगीताची तबकडी चालू होती. 2012 मध्ये निष्कर्ष आले. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या गटातली बाळं बोट दाखवणं, टाटा करणं अशा खुणा जास्त करू लागली होती आणि अनोळखी गोष्टींनी कमी बिथरत होती. सूर दोन्हीकडे होते. एकीकडे फक्त माणसाची साथ जास्त होती.

त्याच विद्यापीठातल्या लॉरा सिरेली आणि सहकाऱ्यांचा 2014 चा प्रयोग तर फारच देखणा आहे. चौदा महिन्यांच्या बाळाला एकीनं झोळीत समोर तोंड करून धरलं आणि गाण्याच्या तालावर झुलवलं. समोर दुसरी बाई तशीच झुलत होती. कधी बाळाच्या तालात, कधी मुद्दाम बेताल. गाणं संपल्यावर समोरच्या बाईच्या हातून कपड्यांचे चिमटे, कागदाचे बोळे 'चुकून' खाली पडायचे. जिच्याबरोबर ताल जुळला होता, तिला बाळं जास्त वेळा वस्तू उचलून द्यायला गेली. जिच्याशी जुळला नव्हता, तिला कमी. दोन-अडीच मिनिटांचं झुलणं, ज्यात शब्द एकही नाही, आणि बाळानं माणूस निवडला! लाइपझिगमध्ये किर्शनर आणि टोमासेलो यांनी 2010 साली चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांवर असंच काही पाहिलं. एकत्र गाऊन-वाजवून खेळलेल्या जोड्या, तोच खेळ संगीताशिवाय खेळलेल्या जोड्यांपेक्षा नंतर एकमेकांना जास्त मदत करत होत्या. भजनाच्या फडात किंवा लेझमीच्या पथकात उभं राहिलेल्याला हे नवल वाटणार नाही. पण आपल्याला जे जाणवतं ते खरं आहे का, हे बोलणंही न आलेल्या बाळांकडून कळावं, याला मोल आहे.

नुसतं संगीत ऐकवण्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 1993 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा निबंध आला होता. मोझार्टची रचना दहा मिनिटं ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आकृत्यांची कोडी थोडा वेळ जरा बरी सोडवली, एवढाच त्याचा मुद्दा. त्यात बाळं नव्हती, बुद्धी कायमची वाढल्याचा दावाही नव्हता. तरी 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताची ध्वनिफीत द्यायचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे मोझार्टच्या जागी राग आले, इतकाच फरक. अमक्या रागानं एकाग्रता, तमक्यानं वाचा, असे तक्ते फोनवर फिरत असतात. रागसंगीताची थोरवी निर्विवाद आहे. पण अमुक राग ऐकवला म्हणून न बोलणारं मूल बोलू लागतं, याला धड पुरावा नाही. आणि तो का नसावा, हेही वरच्या विवेचनातून कळतं. मोबाइलवरचं गाणं मुलासाठी थांबत नाही. मुलानं मान वळवली काय, हुंकार दिला काय, ते आपलं वाजत राहतं. त्याला झील धरता येत नाही.

आता सर्वांत अवघड आक्षेप. त्याला बगल दिली तर हा लेख जाहिरातीच्या रांगेत जाऊन बसेल. 2017 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात स्वमग्नतेसाठीच्या संगीतोपचाराची तोवरची सर्वांत मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. 9 देशांतली, 4 ते 7 वर्षांची 364 स्वमग्न मुलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि पालकांना समुपदेशन; उरलेल्यांना त्याशिवाय पाच महिने संगीतोपचार, काहींना आठवड्यातून एकदा, काहींना तीनदा. पद्धत हीच, मुलाच्या मागे जाणारी. पाच महिन्यांनी मुलांच्या सामाजिक वागण्याची मोजणी झाली, आणि ती करणाऱ्यांना कुठलं मूल कुठल्या गटातलं हे ठाऊक नव्हतं. संगीत गटाची सरासरी 14.08 वरून 13.23 वर आली. दुसऱ्या गटाची 13.49 वरून 12.58 वर. या मोजपट्टीवर आकडा उतरणं म्हणजे अडचण कमी होणं. दोन्ही गट जवळजवळ सारखेच उतरले. संगीतानं जादा काही दिलं, असं दिसलं नाही.

या निकालावर संगीतोपचारकांचं उत्तर असं, की मोजपट्टीच चुकीची होती. ती पट्टी स्वमग्नतेचं निदान करण्यासाठी बनवलेली आहे. काही महिन्यांतले बारीक बदल टिपण्यासाठी नव्हे. शिवाय मूल कमी स्वमग्न दिसू लागावं, हे ध्येय तरी योग्य आहे का? यात तथ्य आहे. वजनकाट्यावर उभं राहून उंची वाढली का, हे कळणार नाही. पण हेही मान्य केलं पाहिजे, की मोजपट्टी चाचणी सुरू होण्याआधी ठरली होती आणि ती क्षेत्रातल्या जाणत्यांनीच ठरवली होती. निकाल पाहून पट्टी नाकारणं हा रडीचा डाव झाला. त्यामुळे या चाचणीचं ओझं उचलूनच पुढे जायला हवं. कॉक्रेन ही संस्था उपलब्ध चाचण्या एकत्र करून त्यांचा निःपक्ष आढावा घेते. तिचा 2022 चा आढावा 26 अभ्यासांचा आणि 1,165 जणांचा आहे. त्यात संगीतोपचारानंतर एकंदर सुधारणा होण्याची शक्यता वाढलेली दिसते, जीवनमान थोडं उंचावतं, लक्षणांची एकूण तीव्रताही कमी होते. पण सामाजिक देवाणघेवाण आणि शाब्दिक-अशाब्दिक संवाद असे सुटे भाग मोजले, तर उपचार संपल्या संपल्या ठळक फरक सापडत नाही. मॉन्ट्रियलमध्ये मेघा शारदा आणि सहकाऱ्यांनी 6 ते 12 वर्षांच्या 51 मुलांवर केलेल्या 2018 च्या अभ्यासात उलट चित्र आहे. 8 ते 12 आठवड्यांनंतर पालकांनी भरलेल्या प्रश्नावलीत संगीत गटातल्या मुलांचा संवाद सुधारलेला दिसला, आणि मेंदूतल्या श्रवण व हालचालींच्या भागांमधले दुवेही बदललेले दिसले. ही मुलं वयानं मोठी होती आणि संख्येनं कमी, हे विसरून चालणार नाही.

या उलटसुलट पुराव्याचा मला लागणारा अर्थ असा. संगीताच्या खोलीत, झील धरणारा माणूस समोर असताना, मूल नजर देतं, पाळी घेतं, सूर लावतं. याबद्दल फारशी शंका नाही. ते त्या खोलीतून बाहेर, वर्गात, जेवणाच्या ताटावर, अनोळखी परीक्षकासमोर आपोआप जातं का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं सध्याचं उत्तर 'फारसं नाही' असंच दिसतं. यात अचंबा वाटण्यासारखं काही नाही. झीलकरी सोबत असताना पोवाडा रंगतो म्हणून शाहीर एकट्यानं भाषण ठोकू शकेलच असं नाही. मग उपाय दोन. एक, घरातल्या माणसांनी ही झील धरायला शिकायची, म्हणजे आठवड्याचा अर्धा तास दिवसाच्या बारा तासांत पसरतो. दोन, संगीताला बोलण्याच्या थेट सरावाशी बांधायचं. दुसऱ्या वाटेचा एक नमुना बोस्टनमध्ये झाला. बोलणं अजिबात नसलेल्या 5 ते 9 वर्षांच्या 6 स्वमग्न मुलांना एकेक शब्द दोन सुरांत गाऊन दाखवायचा आणि त्याच वेळी सुरात लावलेल्या दोन ढोलांवर हात मारायला लावायचा. आठ आठवड्यांत 40 सत्रं झाली. 2011 च्या निष्कर्षांनुसार सहाही मुलांच्या उच्चारांत प्रगती झाली आणि सरावात नसलेल्या शब्दांपर्यंतही ती काही प्रमाणात पोचली. तुलनेला दुसरा गट नव्हता, ही त्यातली मोठी उणीव. पण कान, हात आणि तोंड एका तालात जुंपायची ही कल्पना पुढे नेण्याजोगी आहे.

पहिली वाट तर आपल्या घरात कधीचीच आहे. तळहातावर बोट टेकवत मोराला चारा-पाणी द्यायला बोलावण्याचा खेळ घ्या. त्याची चाल ठरलेली, हातवारे ठरलेले, आणि शेवटी मोर भुर्रकन उडून जाणार हे बाळाला पक्कं ठाऊक. आजी शेवटच्या ओळीआधी थोडी थांबते, तेव्हा बाळाचं सगळं अंग आवळून येतं. उपचारकाची ती पाच सेकंदं हीच. बोर्डी-कोसबाडला तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण रुजवलं, तेव्हापासून बालवाडीत गाणी आहेत. आज अंगणवाडीतही हातवाऱ्यांची बडबडगीतं होतात. पण तीस मुलांनी ताईंच्या मागून एका सुरात म्हणायचं गाणं आणि एका मुलाच्या हुंकारामागून ताईंनी जायचं, यात दिशेचाच फरक आहे. पहिल्यात झीलकरी मूल असतं. बोलायला मागे असलेलं मूल त्या घोळक्यात नुसतं उभं राहिलं तरी कुणाच्या ध्यानात येत नाही.

दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. मूल वयाच्या मानानं बोलत नसेल तर आधी कान तपासून घ्यायचे. बेरा ही श्रवणाची चाचणी केल्याशिवाय कुठल्याच थेरपीचा विचार करू नये. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किंवा मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग वाक्-श्रवण संस्थेत याची सोय आहे. संगीतोपचार हा स्पीच थेरपीच्या जोडीनं करायचा, तिच्याऐवजी नव्हे. त्याच्या नादात सहा महिने गेले तर ते मुलाचे जातात. काही स्वमग्न मुलांना ठरावीक आवाज अक्षरशः टोचतात. अशा मुलानं कान झाकले तर झांज बाजूला ठेवायची, 'सवय होईल' म्हणून वाजवत राहायचं नाही. आणि उपचारक निवडताना डोळे उघडे हवेत. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यात वाचातज्ज्ञ आहेत, विशेष शिक्षक आहेत, पण संगीतोपचारक हा वर्ग नाही. त्यामुळे दारावर कुणीही पाटी लावू शकतो, आणि गाण्याची विशारद पदवी ही काही या कामाची पात्रता नव्हे. पालकांनी एक सत्र आत बसून बघायला मागावं. वाजवणाऱ्याचा हात किती तयार आहे, गळा किती फिरतो, याकडे लक्ष देऊ नये. दहा मिनिटांत तो मुलासाठी किती वेळा थांबला, तेवढं मोजावं.